ग्लॉस म्हणजे नक्की काय? चमक, समासातली टीप की सारवासारव?

शाईचा_डाग

आधी माझी फजिती सांगते, म्हणजे धागा का काढला ते कळेल. एका छोट्या पुस्तकाचं संपादन चालू आहे, त्यात जुने अवघड शब्द बरेच आहेत आणि पान ४१ वर समासात त्यांचे अर्थ द्यायचं ठरलं होतं. मी डिझाइन करणाऱ्या मुलाला घाईघाईत मेसेज टाकला की पान ४१ ला ग्लॉस टाकायचा राहिलाय, तिसऱ्या ओळीतल्या शब्दाला तरी टाकच. तो ओके म्हणाला. प्रूफ आलं तर तिसऱ्या ओळीतला तो एकच शब्द असा काही चकाकतोय की बोट ठेवलं तर घसरेल, बाकी पान आपलं साधं आणि समास कोराच्या कोरा. त्याने स्पॉट यूव्ही, म्हणजे ठरावीक जागेपुरता चकचकीत लेप, मारला होता! वर मला म्हणतो, मॅडम मलापण जरा विचित्र वाटलं पण म्हटलं काहीतरी कन्सेप्ट असेल.

चूक माझीच. पण त्यावरून शब्दकोश उघडून बसले तर ग्लॉसच्या दोन वेगवेगळ्या नोंदी, एक चमक आणि एक टीप, आणि त्यात भर म्हणजे ग्लॉस ओव्हर. माझ्याकडच्या दुसऱ्या एका कामात नेमकं तेच वाक्य अडलंय: 'द रिपोर्ट ग्लॉसेस ओव्हर द डिलेज'. मशीनला विचारलं तर म्हणे 'अहवाल विलंबांवर चमक आणतो'. आता बोला.

तर हा एकच शब्द आहे की दोन की तीन? आणि मराठीत प्रत्येक ठिकाणी काय म्हणाल?

उगाच_एक

'विलंबांवर चमक आणतो' हे काही इतकं वाईट नाही हं, सरकारी अहवाल वाचलेत का कधी :)

अनुस्वार

दोन शब्द आहेत, आणि एकमेकांचे कोणी लागत नाहीत. नुसते एकाच चेहऱ्याचे.

चमकवाला ग्लॉस जर्मॅनिक घराण्यातला. इंग्रजीत तो सोळाव्या शतकात दिसायला लागतो, बहुतेक स्कँडिनेव्हियाकडून किंवा डचमधून आला असावा, आइसलँडिकमध्ये ग्लोसी म्हणजे ठिणगी, ज्वाळा. टीपवाला ग्लॉस ग्रीक ग्लोस्सावरून. ग्लोस्सा म्हणजे जीभ. जीभ म्हणून मग भाषा, आणि भाषा म्हणून मग परका किंवा जुना झालेला शब्द जो उलगडून सांगावा लागतो. गंमत बघा, आधी त्या अवघड शब्दालाच ग्लोस्सा म्हणत, ॲरिस्टॉटलसुद्धा काव्याबद्दल बोलताना दुर्मिळ शब्दांना हेच नाव वापरतो. नंतर त्या शब्दाशेजारी लिहिलेल्या अर्थाला ते नाव चिकटलं. म्हणजे आजाराचं नाव औषधाला गेलं म्हणा ना. त्याच्यावरून ग्लॉसरी.

अथेन्सवाले याच शब्दाला ग्लोट्टा म्हणायचे, तिथून पॉलिग्लॉट. म्हणजे ग्लॉसरी आणि पॉलिग्लॉट एकाच जिभेची दोन टोकं.

मधलीच

मला आत्तापर्यंत वाटायचं की ग्लॉसरी पुस्तकाच्या शेवटी गुळगुळीत कागदावर छापायचे म्हणून ग्लॉसरी 🙈 कोणाला सांगू नका

शाईचा_डाग

मधलीच, माझ्या डिझाइनरला तू आवडशील.

अनुस्वार, पण मग ग्लॉस ओव्हर कुठल्या घरचा? चमकेच्या की जिभेच्या?

अनुस्वार

तिथेच गोची आहे. दोन्ही घरं त्याच्यावर हक्क सांगतात.

टीपवाला शब्द इंग्रजीत आधी फ्रेंचमार्गे ग्लोझ असा आला होता. आणि टीपा लिहिणाऱ्या लोकांची ख्याती तेव्हाही फार काही चांगली नव्हती, मूळ वचन एक म्हणतंय आणि हे टीप देऊन त्यातून आपल्या सोयीचं काढतायत असं. त्यामुळे ग्लोझ करणे याचा अर्थच हळूहळू गोड बोलून फिरवणे, खुशामत करणे, लबाडीने समजावणे असा होत गेला. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने एका भिक्षा मागत फिरणाऱ्या धर्मगुरूच्या तोंडी ग्लोझिंगचं तोंडभरून कौतुक घातलंय, म्हणजे शब्दशः धर्मग्रंथ कशाला वाचायचा, मी सांगतो ना अर्थ, आणि अर्थ काय तर मला दान द्या. नंतर सोळाव्या शतकात विद्वान मंडळींनी शब्द लॅटिनसारखा दिसावा म्हणून स्पेलिंग ग्लॉस केलं, आणि साधारण त्याच सुमाराला हा दुसरा चमकवाला ग्लॉस दारात उभा. एक फसवं स्पष्टीकरण देणारा, एक वरून चकचकीत दिसणारा. दोघांची गाठ पडली आणि ग्लॉस ओव्हर जन्माला आला, वरवर गुळगुळीत करून दोष झाकणे. आईबाप दोन्ही घरचे, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

उगाच_एक

मग 'दोन वेगळे शब्द' हे तुमचं पहिलं वाक्य मागे घ्या की. व्युत्पत्ती वेगळी असली म्हणून काय झालं, बोलणाऱ्याच्या डोक्यात तो एकच शब्द झालाय. पाचशे वर्षं एका घरात राहिल्यावर कसले परके.

अनुस्वार

शब्दकोशात नोंदी व्युत्पत्तीने लागतात, डोक्यातल्या गाठीभेटींनी नाही. पण मुद्दा मान्य, अर्धा.

डबल_कोट

मी इतका वेळ वाचतोय आणि राहवत नाहीये. माझं आयुष्य रंगकामात गेलं, आणि हे ग्लॉस ओव्हर प्रकरण साफ उलटं आहे हो!

ग्लॉस कधीच काही झाकत नाही. ग्लॉस चहाडखोर असतो. भिंतीला कुठे खड्डा असेल, लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, नीट घासली नसेल, पत्र्याच्या कडेचा ओरखडा राहिला असेल, तर मॅट रंगात ते सगळं खपून जातं, आणि तीच भिंत ग्लॉसने रंगवा की ट्यूब लावल्याबरोबर सगळं बाहेर. ट्यूबचं प्रतिबिंब सरळ रेघ दिसायला पाहिजे ते असं सापासारखं वळतं, आणि जिथे वळतं तिथे हात फिरवलात तर खोलगट लागणारच. म्हणून ऑइल पेंटचा हात मारायच्या आधी आम्ही बॅटरी भिंतीला टेकवून तिरकी धरतो, उजेड भिंतीवरून घासत गेला पाहिजे, मग अर्ध्या मिलिमीटरच्या उंचवट्याची पण बोटभर सावली पडते. त्यावर पेन्सिलने गोल करायचे, परत लांबी, परत पॉलिश पेपर. ही मेहनत मॅटसाठी कोणी एवढी करत नाही.

कारण साधं आहे. मॅट रंगात रंगद्रव्य आणि भुकटी जास्त आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन कमी, त्यामुळे वाळल्यावर कण वर डोकं काढून बसतात, बारीक खरखरीत पृष्ठभाग, उजेड पडला की दाही दिशांना विखुरतो. ग्लॉसमध्ये रेझिन भरपूर, ते कणांना बुडवून वर सपाट साय धरतं, उजेड ज्या कोनात आला त्याच कोनात परत जातो, आरशासारखा. आणि आरसा खोटं बोलत नाही.

तेव्हा इंग्रजीवाल्यांना सांगा, झाकायचं असेल तर शब्द मॅट ओव्हर पाहिजे होता.

मधलीच

डबलकोटकाका _/\_

उगाच_एक

धागा इथेच संपायला हरकत नाही.

काजळरेघ

संपवू नका, लिप ग्लॉस राहिलाय की. आणि काका, तिथे ग्लॉस झाकतो हं! ओठांवर उभ्या बारीक रेघा असतात, मॅट लिपस्टिक लावली की त्या जास्त दिसतात, कोरडे ओठ असले तर विचारूच नका. ग्लॉस म्हणजे मुळात जाडसर तेलकट चिकट थर, बऱ्याच ब्रँडमध्ये पॉलीब्यूटीन नावाचं चिकट द्रव असतं, तो रेघांमध्ये भरतो आणि वर सपाट होऊन बसतो. मधोमध उजेडाचा एक ठिपका पडतो आणि ओठ भरलेले वाटतात. म्हणजे तुमच्या भिंतीचं जे होतं त्याच्या बरोब्बर उलटं.

डबल_कोट

ताई, तुमच्या ग्लॉसमध्येच लांबी मिसळलेली आहे असं दिसतं. भरणं पण तोच करतो आणि चकाकणं पण तोच. आमच्याकडे दोघांचे वेगळे डबे. दगडावर पाणी टाकलं की दगड चकाकतो त्याचं पण हेच, पाणी खाचा भरतं आणि वर सपाट होतं. शिवाय ओठ असतो गोल आणि छोटा, त्यावर ट्यूबचं प्रतिबिंब वाकडं का सरळ हे कोण बघत बसणार. सहा फुटी कपाटाच्या दारावर बघतात.

तरी अर्धा गुण तुम्हाला.

चौथा_रंग

छपाईवाल्याची हजेरी. शाईताई, तुमच्या डिझाइनरची चूक नाही हो, आमच्याकडे ग्लॉस म्हटलं की फिनिशच. ग्लॉस आर्ट पेपर, ग्लॉस लॅमिनेशन, ग्लॉस व्हार्निश, स्पॉट यूव्ही. आर्ट पेपरला केओलिन म्हणजे पांढरी चिकणमाती किंवा कॅल्शियम कार्बोनेटचा लेप असतो आणि मग तो रुळांमधून दाबून काढतात त्याला कॅलेंडरिंग म्हणतात. म्हणजे चकचकीत मासिकातलं ते जे ग्लॅमर आहे ती माती आणि इस्त्री. फोटो उठून दिसतात कारण शाई आत शोषली जात नाही, वरच राहते. पण मजकूर जास्त असेल तर कृपा करून ग्लॉस घेऊ नका, दिव्याखाली वाचताना पान सारखं हलवत बसावं लागतं, आणि तुमच्या पुस्तकात समासात वाचक पेनाने काही लिहायला गेला तर शाई पुसली जाते. म्हणजे ज्या कागदावर ग्लॉस आहे त्यावर ग्लॉस लिहिता येत नाही, घ्या!

बाकी चमक मोजतात बरं का. ग्लॉसमीटर असतो, ठरावीक कोनातून उजेड टाकतो आणि तेवढ्याच कोनातून किती परत आला ते बघतो. १.५६७ अपवर्तनांकाची गुळगुळीत काळी काच घेतली तर तिला १०० ग्लॉस युनिट. रंगासाठी साधारण ६० अंशांत मोजायचं, ७० युनिटच्या वर गेलं तर २० अंश, १० च्या खाली असेल तर ८५. आरसा ठेवला तर आकडा पार हजारात जातो.

मधलीच

८५ का? मंद चमक मोजायला तिरकं का बघायचं

चौथा_रंग

करून बघ. साधा प्रिंटरचा कागद घे, डोळ्यांच्या पातळीला आडवा धर, तोंड खिडकीकडे, आणि कागदाच्या कडेवरून जवळजवळ समांतर बघ. मॅट म्हणून विकत घेतलेला कागद चकाकायला लागतो. जितकं तिरकं बघशील तितका उजेड जास्त परततो आणि खरखरीतपणा तेवढा बोचत नाही. म्हणजे सरळ बघून ज्याच्यात फरक कळत नाही त्याला तिरकं बघायचं.

आणि एक, चमक ही एकच गोष्ट नाही हे रिचर्ड हंटर नावाच्या माणसाने १९३७ मध्येच मांडलंय, त्याने सहा प्रकार पाडले होते. सरळ परावर्तन एक, तिरकस बघितल्यावरची चमक दुसरा, प्रतिबिंब किती रेखीव पडतं हा वेगळा, चमकेभोवतीचं धुरकट वलय वेगळं, असं करत करत. दोन गाड्यांचा आकडा सारखा येतो पण एकीत झाड पानापानासकट दिसतं आणि दुसरीत नुसता हिरवा ढग, ते यामुळे.

मधलीच

केलं!! चकाकतो खरंच. घरचे विचारतायत कागदाकडे काय बघत बसलीये.

स्टेथो

हंटर वाचून दचकलो. आमच्याकडेही एक हंटर आहे आणि त्याचाही ग्लॉसशी संबंध, पण दुसऱ्या ग्लॉसशी. बी१२ कमी झालं की जिभेला जी सूज येते तिला हंटर्स ग्लॉसायटिस म्हणतात, हा विल्यम हंटर, वेगळा माणूस.

वैद्यकात ग्लॉस आला की जीभ समजायचं. ग्लॉसायटिस जिभेचा दाह, नववी मज्जारज्जू, सॉरी, नववी क्रेनियल नर्व्ह म्हणजे मेंदूतून निघणारी नस ग्लॉसोफॅरिंजियल, बारावी हायपोग्लॉसल म्हणजे जिभेखालची. पण मजा पुढे आहे. ग्लॉसायटिसमध्ये जिभेवरचे बारीक कोंब, ज्यांनी जीभ मखमली दिसते, ते झिजून जातात आणि जीभ लालभडक, सपाट आणि चकचकीत होते. पेशंट म्हणतो डॉक्टर तिखट लागलं की आग होते, तोंड उघडायला सांगितलं तर आत आरसा. पुस्तकात वर्णन असतं स्मूथ ग्लॉसी टंग. एका ओळीत दोन्ही घराण्यांचे ग्लॉस, आणि शिकताना आम्हाला एकदाही हे खटकलं नव्हतं.

अनुस्वार

स्टेथो, हे उदाहरण मी चोरणार आहे.

दगडधोंडे

जीभ निघाली आहे तर ग्लॉसोप्टेरिसची हजेरी लावतो. पर्मियन काळातली, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीची वनस्पती, पानं जिभेच्या आकाराची म्हणून हे नाव, ब्राँन्यारने १८२८ मध्ये दिलं. तिचे जीवाश्म भारतात, ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत सगळीकडे सापडतात, मग एवढा समुद्र ओलांडून ती गेली कशी, यातून हे सगळे भूखंड कधीतरी जोडलेले होते या म्हणण्याला जोर आला. कॅप्टन स्कॉट आणि साथीदार १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना वारले तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते, जीव जायची वेळ आली तरी टाकले नाहीत. त्यात ग्लॉसोप्टेरिस होती.

चमकेशी संबंध शून्य. पण जिभेशेजारी बसवा तिला.

उगाच_एक

शाईतै बिचाऱ्या एका वाक्याचं भाषांतर मागत होत्या, आपण दक्षिण ध्रुवावर पोचलो.

शाईचा_डाग

असूदे असूदे, मला मजा येतेय. पण हो, मराठी प्रतिशब्द कोणी दिलेच नाहीत. चमकेचे तरी द्या. माझी यादी: चमक, चकाकी, तकाकी, लकाकी, झळाळी, झिलई, तुकतुकी, ओप, मुलामा. यातला कुठला कुठे?

काजळरेघ

तुकतुकी फक्त जिवंत वस्तूला! त्वचा तुकतुकीत, वांगं तुकतुकीत, नवीन पालवी तुकतुकीत. टेबल तुकतुकीत कधी ऐकलंय? आतून येते ती तुकतुकी. झिलई बाहेरून चढवायची.

डबल_कोट

बरोबर. झिलई, ओप, मुलामा हे तिन्ही कोणीतरी दिलेलं असतं. ओप घासून येतो, वर काही चढत नाही. मुलाम्यात वर दुसऱ्या कशाचा तरी थर असतो, म्हणून मुलामा शब्द आला की खाली काहीतरी हलकं आहे असा वास येतो. झिलई दोन्हीच्या मध्ये. लकाकी मला हलती वाटते, डोळ्यांत लकाकी येते नि जाते. तकाकी स्थिर. झळाळी सोन्याला. रंगाच्या ग्लॉसला मी तकाकी म्हणेन, पण खरं सांगू, कामावर सगळे ग्लॉसच म्हणतात, तकाकीवाला डबा दे म्हटलं तर पोरगा माझ्याकडे बघत बसेल.

अनुस्वार

झिलई अरबी जिलावरून, मुलामाही अरबीच. आणि यादीत बघा, चमक चकाकी चकचक, झळाळी झगमग झिलमिल, लकाकी लखलख. इंग्रजीत हेच ग्ल ने होतं, ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लिंट, ग्लेअर, ग्लास. अशा आवाजाच्या गुच्छाला फर्थ या भाषाशास्त्रज्ञाने १९३० मध्ये फोनिस्थीम असं नाव दिलं. जिभेचा ग्लॉस त्या गुच्छात नुसता आवाजाने घुसलाय, लग्नात न बोलावता जेवायला बसलेल्या माणसासारखा.

टीपवाल्या ग्लॉसचा आजचा वापर पण सांगतो, कारण तो आमच्या रोजच्या कामाचा. वाक्याखाली शब्दागणिक व्याकरण लिहायचं त्याला ग्लॉसिंग म्हणतात, त्याचे लाइपझिग नियम म्हणून दहा नियम आहेत. हे बघा:

मुला-नं पुस्तक वाच-लं
मुलगा-तृतीया पुस्तक वाच-भूत.नपुं.एकव
'मुलानं पुस्तक वाचलं.'

वरच्या ओळीत जितके हायफन तितकेच खाली पाहिजेत, शब्दाखाली शब्द बसला पाहिजे. एका प्रत्ययात दोन-तीन गोष्टी असतील तर खाली टिंब. 'लं' एकटंच सांगतंय की काळ भूत, आणि वाचलं गेलं ते नपुंसकलिंगी एक, म्हणजे क्रियापद मुलाचं ऐकत नाहीये, पुस्तकाचं ऐकतंय. हे मराठी माणसाला बोलताना कधी जाणवत नाही, ग्लॉस लिहिला की ताडकन दिसतं.

डबल_कोट

म्हणजे तुमचा ग्लॉस पण चहाडखोरच की हो! खड्डे दाखवणारा.

अनुस्वार

...

हो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

वादी_प्रतिवादी

कायद्यातलं थोडं. बाराव्या-तेराव्या शतकात इटलीत बोलोन्याला रोमन कायदा शिकवणाऱ्यांना ग्लॉसेटरच म्हणत, मूळ संहिता मधे लिहिलेली आणि चहूबाजूंनी समासात टीपा. अकुर्सिअसने या सगळ्या टीपा गोळा करून एक प्रमाण संग्रह केला, टीपांची संख्या लाखाच्या घरात. पुढे म्हणच पडली की जे ग्लॉसला मान्य नाही ते कोर्टालाही मान्य नाही. म्हणजे कायदा राहिला मधल्या चौकोनात आणि निकाल लागायचा समासावरून. अजूनही अमेरिकेत कोर्टाने कलमाला चढवलेल्या अर्थाला ज्युडिशिअल ग्लॉस म्हणतात. चढवलेला, हे महत्त्वाचं, कलमात तो शब्द नसतोच.

मधलीच

आपल्याकडे मल्लिनाथी म्हणतात ते हेच ना? 'आणि त्यावर ह्याची मल्लिनाथी'. माझी आजी म्हणते.

अनुस्वार

मधलीच, शाब्बास!! हेच हवं होतं. मल्लिनाथ हा कालिदासाच्या काव्यांवरचा मोठा टीकाकार, तो स्वतः म्हणायचा की मुळात नाही ते मी लिहीत नाही. आणि मराठीने त्याच्याच नावावरून न विचारता पदरची भर घालणे यासाठी शब्द केला, किती हा अन्याय. इंग्रजीत 'ही पुट हिज ओन ग्लॉस ऑन इट' म्हणतात तिथे मल्लिनाथी चपखल बसते. टीकेचंही तेच झालंय, मूळ अर्थ उलगडून सांगणे, आज मराठीत टीका म्हणजे झोडपणे. टीपा लिहिणारा कुठल्याही भाषेत बदनामच होतो असं दिसतंय.

आणि चमकेचा आणि टीपेचा संबंध इंग्रजीत अपघाताने लागला, आपल्याकडे मुद्दाम लावलेला आहे. टीकाग्रंथांची नावं बघा, दीपिका, प्रकाश, चंद्रिका, प्रभा. ज्ञानेश्वरीचंच नाव भावार्थदीपिका. पतंजलीच्या महाभाष्यावर कैयटाचा प्रदीप आणि त्या प्रदीपावर नागेशभट्टाचा उद्योत, म्हणजे दिव्यावर उजेड टाकलाय. फरक एवढाच की हा उजेड बाहेरून मजकुरावर पाडलेला आहे, मजकुराला पॉलिश मारलेलं नाही.

उगाच_एक

डबलकोटकाकांची तिरकी धरलेली बॅटरी म्हणजे दीपिकाच झाली की मग.

डबल_कोट

बॅटरी तीन सेलची आहे, नाव काहीही ठेवा.

शाईचा_डाग

मला आता माझं वाक्य सापडतंय असं वाटतंय. ग्लॉस ओव्हरला सारवासारव घेतलं तर?

काजळरेघ

सारवासारव चूक पकडल्यावर करतात ना पण. ग्लॉस ओव्हर म्हणजे पकडूच नये म्हणून आधीच वरवर उरकून पुढे जाणं. 'उशीर झाल्याबद्दल अहवालात सारवासारव केली आहे' म्हटलं तर वाटेल की कबूल करून कारणं दिलीयेत. इंग्रजी वाक्यात तर विषयच टाळलाय.

शाईचा_डाग

हं. बरोबर. मग पांघरूण घालणे? ते फार गुन्ह्यासारखं होतं. काणाडोळा केला? तो बघणाऱ्याने करायचा, लिहिणाऱ्याने नाही.

डबल_कोट

'सारवून नेलं' म्हणा. सारवणं म्हणजे पातळ लेप फिरवून भेगा बुजवणं. वाळल्यावर मॅटच असतं ते, चकाकत नाही. मराठीने बरोबर फिनिश निवडलंय!

वादी_प्रतिवादी

किंवा सरळ 'अहवालात उशिराचा विषय वरवर उल्लेख करून सोडून दिला आहे'. कोरडं आहे पण कोर्टात टिकेल.

शाईचा_डाग

ठरलं, 'झालेला उशीर अहवालाने सारवून नेला आहे'. वादी_प्रतिवादींचं वाक्य ग्राहकाने हरकत घेतली तर राखीव.

दगडधोंडे

जाता जाता एक चमकेचं पण देतो, मघाशी नुसतीच जीभ दिली होती. पुरातत्त्वात सिकल ग्लॉस म्हणून प्रकार आहे, विळ्याची चमक. लेव्हंटमध्ये, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, नटुफियन काळातली, म्हणजे बारा हजार वर्षांच्या आसपासची गारगोटीची पाती सापडतात, त्यातल्या काहींची फक्त धारेलगतची एक पट्टी चकाकते, बाकी पातं मंद. गवताच्या, धान्याच्या देठांमध्ये सिलिका असते, देठ कापून कापून धार घासली जाते आणि अशी झिलई चढते. पातं हातात घेऊन दिव्याखाली तिरकं केलं की ती पट्टी कुठे सुरू होते कुठे संपते ते दिसतं, म्हणजे लाकडी मुठीत ते किती आत बसवलं होतं तेही कळतं. कापणाऱ्याने लिहून काही ठेवलं नाही, पण पात्याच्या कडेला हे एवढं राहिलंय.

अनुस्वार

समासातच राहिलंय म्हणजे.

दगडधोंडे

हो की!

शाईचा_डाग

अपडेट. आज दुसरं प्रूफ आलं. पान ४१ च्या समासात टीप व्यवस्थित बसली आहे, तिसऱ्या ओळीतलं यूव्ही काढलंय. मी या वेळी मेसेजमध्ये ग्लॉस शब्द वापरलाच नाही, 'समासात अर्थ लिही' असं शुद्ध मराठीत सांगितलं. सगळं छान. मग शेवटी त्याचा मेसेज: मॅडम, मागची ग्लॉसरीची चार पानं ग्लॉसमध्येच घ्यायची ना?

मधलीच

😂 बघा मी एकटी नव्हते